खुर्चीच्या पाठीवरचं बोट

“साहेब, तुम्ही स्वतः का नाही हो ओढत?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि भोंग्याला वाटलं, झालं, जिंकले! तराजूमागे, पोत्यांच्या आडोशाला तिच्या वर्गातल्या ढब्बी आणि लांबुडकी उभ्या होत्या. त्या दोघींनीच काल मधल्या सुट्टीत तिला चढवलं होतं. “तुझे बाबा एका दिवसात तीस-तीस विड्या चाखतात, आणि तो साहेब नाकाला रुमाल लावून बसतो. विचार की त्याला का ते. आहे हिंमत?” हिंमत, आणि भोंग्याला? वर्गात हजेरीला ती “हजर” म्हणाली की भिंतीपलीकडच्या वर्गातल्या बाई खडू टाकून बघायला येत, म्हणून तर तिचं नाव भोंगा पडलं होतं.

त्यामुळे तिने हळू विचारलेला प्रश्नसुद्धा खरेदीच्या अख्ख्या शेडने ऐकला. हमाल थांबले. तंबाखूच्या पानांचे ढीग मांडून बसलेल्या बाया माना वळवून बघायला लागल्या. खुर्चीत बसलेल्या बाबांच्या बोटात अर्धी विडी होती, ती तशीच राहिली.

खरेदीदार साहेबाने रुमाल खाली केला. माणूस रागावला नाही. उलट हसला, छान पांढरेशुभ्र दात दाखवत.

“मला पोरंबाळं आहेत ना, बाई,” तो म्हणाला.

शेड खदखदून हसली. हमाल हसले, बाया हसल्या, ढब्बीसुद्धा फिस्सकन हसली. बाबाही हसले. मग त्यांच्या हसण्याचा खोकला झाला, खोकल्याची ढास झाली, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, मानेच्या शिरा फुगवून ते इतका वेळ खोकत राहिले की हसणाऱ्यांनाच अवघडल्यासारखं झालं. भोंग्याने पाण्याचं भांडं पुढे केलं. ती हसली नव्हती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ह्याला पोरंबाळं आहेत. मग बाबांना कोण आहे? मी काय पोत्यातून पडले?

“चला, पारखी,” साहेब म्हणाला, “हा ढीग कसा आहे?”

बाबांना सगळे पारखी म्हणत. पान भट्टीत वाळवून शेडमध्ये आलं की प्रत्येक ढिगातलं एक पान चुरायचं, कोऱ्या कागदात वळायचं, पेटवायचं, आणि दोन झुरक्यांत सांगायचं की पान नीट शिजलंय, कोंदटलंय की करपलंय. साहेब त्यावर दर ठरवायचा. बाबांच्या आधी त्यांचे वडील ह्याच खुर्चीत बसत.

बाबांनी झुरका घेतला. डोळे मिटले. धूर नाकातून सोडला आणि गप्प राहिले. बघणाऱ्यांना वाटे, काय हा माणूस, कसा तल्लीन होतो!

खुर्चीच्या पाठीवर भोंग्याचं बोट दोनदा वाजलं. टक, टक.

“कोंदट,” बाबांनी सांगितलं.

ही गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती. बाबांचं नाक मेलं होतं. गेल्या मोसमाच्या आधीच. आईने दूध उतू घालवलं, करपलं, घरभर वास सुटला, आणि बाबा चुलीशेजारी बसून विचारत होते, “दूध तापलं का गं?” त्या दिवसापासून भोंगा दर खरेदीला शाळेआधी दोन तास खुर्चीमागे उभी राहू लागली, नावाला काडेपेटी आणि पाणी द्यायला. पान चुरून विडी वळायची तीच. वळता वळता नाकाने ओळखायची तीच. एक टकटक म्हणजे चांगलं, दोन म्हणजे कोंदट, तीन म्हणजे करपलं. तिला त्याची केवढी ऐट होती! अख्ख्या शेडचा दर आपल्या एका बोटावर चालतो, हे मैत्रिणींना सांगता येत नव्हतं, एवढंच दुःख.

खरेदी आटोपली तेव्हा साहेब खुर्चीजवळ आला आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी प्रेमाने बोलला. “पारखी, पुढच्या आठवड्यापासून पोरीलाच बसवा. नाक तिचंच चाललंय. मला काय कान नाहीत?”

बाबांचा चेहरा ओल्या पानासारखा लोंबला.

“चाखायची मात्र तिने स्वतः,” साहेबाने रुमाल घडी करून खिशात घातला. “नुसत्या हुंगण्यावर मी दर लावत नाही.”

*

घर दूर नव्हतं. पण बाबांना पोचायला फार वेळ लागे. वाटेत ते तीनदा थांबत. एकदा मोरीजवळ, एकदा पंपाच्या खोलीजवळ, एकदा मामाच्या शेताच्या कडेला. थांबून, कमरेवर हात ठेवून, पिकाकडे बघत राहत. भोंग्याला लहानपणापासून वाटायचं, आपल्या बाबांना पिकं बघायला किती आवडतं.

आज मोरीजवळ थांबले तेव्हा समोर पीक नव्हतं. नांगरलेली रिकामी जमीन होती. तरी ते बघतच राहिले, आणि एक हात हळूच खाली जाऊन उजवी पोटरी चोळायला लागला.

“बाबा, काय बघताय?”

“काही नाही. जमीन चांगली आहे.”

“पाय दुखतोय?”

“चल तू पुढे. फार प्रश्न विचारायला लागलीस.” त्यांचा आवाज दोन महिन्यांपासून बसलेला होता, पत्र्यावर वाळू घासावी तसा. “भर शेडमध्ये काय गरज होती? माझी शोभा झाली.”

“शोभा मी केली? तो म्हणाला, मला पोरंबाळं आहेत!”

“मस्करी केली त्याने.”

“मग तुम्ही खोकलात कशाला?”

बाबा पुन्हा चालायला लागले.

घरी आई ओसरीवर पानं काठीला बांधत होती. दोन पानांची जोडी, सुतळीचा वेढा, दुसऱ्या बाजूला दोन पानं, पुन्हा वेढा. तिची बोटं पानांच्या चिकाने काळी, चिकट झाली होती. घासली तरी निघत नसत. बाबांनी साहेबाचं बोलणं सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा जरा सुधारत गेला. “म्हणजे खुर्ची घरातच राहील,” ते म्हणाले. “माझ्यानंतर तिसरी पिढी.”

आईचा वेढा क्षणभर थांबला. “मुलगी ओढणार?”

“ओढणं वेगळं, चाखणं वेगळं.”

“तुम्हीही आधी चाखतच होतात,” आई म्हणाली, आणि पुढची जोडी उचलली.

*

रविवारी पहाटे मामाच्या शेतात तोडणी होती. दव इतकं पडलं होतं की पानांवरून पाणी ओघळत होतं. खालची पिकलेली पानं वाकून तोडायची, बगलेत धरायची, बगल भरली की गाडीवर टाकायची. तासाभरात भोंग्याचा सदरा बाहीपासून कमरेपर्यंत भिजला. तिचं तोंड चालूच होतं. लांबुडकीची नक्कल झाली, गणिताच्या सरांची झाली, मग अचानक तोंडाला पाणी सुटलं आणि जमीन एका बाजूला कलली.

ती बांधावर बसली आणि भडाभडा ओकली.

“पान लागलं!” मामा ओरडला. मामा भट्टी पेटवायचा, त्यामुळे त्याचे डोळे कायम लाल. तो कानामागची विडी काढत आला. “घे, दोन झुरके मार. शरीर टणक होतं. आम्ही सगळे असेच टणक झालो. तुझा बाप तर आठ वर्षांचा होता, ह्याच बांधावर. आजोबांनी दिली त्याला पहिली विडी. त्यानंतर आजतागायत पान लागलं नाही त्याला!”

दोन वर्षांपूर्वी तिलाही अशीच दिली होती. ती ओढून ती दुप्पट ओकली होती, आणि सगळे समाधानाने म्हणाले होते, बघ, विष कसं बाहेर पडलं. तेव्हा ती लहान होती, तिला पटलंही होतं. आज तिने मामाचा हात बाजूला सारला आणि पुन्हा ओकली. मग पुन्हा. दुपारपर्यंत तिच्या पोटात पाण्याचा घोटही राहीना, हात कापायला लागले. तेव्हा मात्र बाबांनी तिला मामाच्या गाडीत घातलं आणि आरोग्य केंद्रात नेलं.

*

नर्सबाईंनी आधी तिचा ओला सदरा बदलायला लावला, हात साबणाने दोनदा धुतले, बाटली लावली. मग बाबांना विचारलं, “हिने पानं तोडली का दवात?”

“हो. पान लागलंय. विडी घेत नाही म्हणून.”

नर्सबाई वळल्या. बुटक्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, वाक्याच्या शेवटी समोरच्याला शिक्षा झाल्यासारखं बोलणाऱ्या. “काय घेत नाही म्हणून?”

बाबांनी समजावलं. आठव्या वर्षाचं, आजोबांचं, टणक होण्याचं.

“अहो, ओल्या पानातलं जे विष कातडीतून हिच्या अंगात गेलं, तेच तुमच्या विडीत आहे,” नर्सबाई म्हणाल्या. “पोराचं शरीर ओकून ओरडत होतं की हे नको मला. तुम्ही त्याच विषाची रोज थोडी थोडी सवय लावून त्याचं तोंड दाबलंत. ओरडणं थांबलं. त्याला तुम्ही टणक म्हणता!”

भोंगा खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होती. आठ वर्षांचं पोर. ओकणारं. आणि सगळी मोठी माणसं त्याच्याभोवती उभी राहून काडी ओढतात.

“तुमचा हा दम कधीपासूनचा?” नर्सबाईंनी विचारलं.

“दम कुठे? जरा चाललो.”

“गाडीतून उतरून चार पायऱ्या चढलात. या इकडे.”

त्यांनी प्लॅस्टिकची एक नळी पुढे केली. तिच्यावर आकडे होते आणि एक लाल काटा. फुंकर मारायची, काटा सरकतो. आधी भोंग्याने मारली, आडवी पडून, बाटली लावलेल्या हाताने, तरी काटा सर्रकन वर गेला. मग बाबा उभे राहिले. छाती फुगवली, गाल फुगवले, डोळे बाहेर आले, आणि फुंकले. काटा जरासा हलला आणि थांबला. भोंग्याच्या निम्म्यावरही नाही. त्यांनी नळी हातात घेऊन झटकली, जणू नळीच बिघडली होती, आणि पुन्हा फुंकले. तिथेच.

“भट्टीखालचे नळ साफ करता का कधी?” नर्सबाईंनी विचारलं.

“दर मोसमाला. नाही केले तर काजळी धरते. आग लागते एखाद्या वेळी.”

“कशाने करता?”

“तारेच्या ब्रशने.”

“श्वासाच्या नळ्यांनाही ब्रश असतो. आतून बारीक केस असतात, आलेली घाण वर ढकलत राहतात. धूर आधी त्यांनाच लुळं करतो. मग घाण साचते, आणि ती काढायला तुम्ही सकाळी तासभर खोकत बसता. खरं ना? नळ्यांच्या टोकाला हवेचे इवले इवले फुगे असतात, ते फाटून मोठे पोकळ खड्डे होतात. फाटलेले शिवता येत नाहीत मला. कोणालाच येत नाहीत.” त्यांनी बाबांची विजार गुडघ्यापर्यंत वर केली. पायावरचे केस गेले होते, कातडी चकचकीत, थंडगार. “चालताना पोटरी धरते? थांबलं की सुटते?”

बाबांनी भोंग्याकडे पाहिलं. भोंगा छताकडे बघत होती. मोरी, पंपाची खोली, मामाचं शेत.

“धरते,” ते पुटपुटले.

“रक्ताच्या नळ्या आतून अरुंद होतात. आज पायाच्या झाल्या. हृदयाच्या काही वेगळ्या मातीच्या नसतात. वास येतो?”

“नाक एकदम शाबूत,” बाबा चटकन म्हणाले. “नाकावर तर माझं पोट आहे.”

“येत नाही त्यांना!” भोंगा म्हणाली. तिने हळूच म्हणायचं ठरवलं होतं. पण भोंगाच तो. बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनीही ऐकलं. “दोन मोसम झाले. मी वास घेते. मी सांगते.”

बाबांनी मान खाली घातली. शेडमध्ये लोक हसले तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

“म्हणजे तू त्यांच्या तोंडापाशी उभी राहतेस, दर वेळी?” नर्सबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “मग तूही ओढतेसच की, बाळ. विडी हातात नाही, एवढाच फरक.”

शेवटी त्यांनी बाबांना तोंड उघडायला लावून बॅटरीने घसा पाहिला. एक चिठ्ठी लिहिली, खाली निळा शिक्का मारला. “आवाज दोन महिने बसलाय, हे मला आवडलेलं नाही. मोठ्या दवाखान्यात घसा आतून बघून घ्या. काही नसेल तर आनंदच. असेल तर लवकर कळलेलं बरं. ह्याच आठवड्यात. आणि विडी आजपासून बंद. गेलेलं परत येणार नाही, पण उरलंय ते तरी तुमचं राहील.”

बाबांनी चिठ्ठीची घडी करून वरच्या खिशात ठेवली. बाहेर येऊन गाडीला टेकले आणि विडी पेटवली.

*

चार दिवस बाबा भोंग्याशी कामापुरतंच बोलत. पाणी दे. दार लाव. सकाळी परसातून खोकल्याचा आवाज येई आणि आता तिला त्या आवाजात बारीक केस दिसत, लुळे, ओल्या गवतासारखे आडवे. आईला ती सगळं सांगून बसली होती. आईने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “त्यांना मी काय सांगू? खुर्ची गेली तर त्यांचं काय उरतं?” बोलताना आईसुद्धा खोकली. भोंग्याने पहिल्यांदाच ते मोजलं. एका काठीची पानं बांधून होईपर्यंत पाच वेळा.

शुक्रवारी दुपारी शाळेतून आली तर ओसरीवर तयारी होती. बाबांनी शेडमधली ती खुर्ची घरी आणून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी खरेदी. खुर्चीचे हात धुरकट पिवळे झालेले, पाठीवर एका जागी रंग उडालेला, नेमका तिच्या बोटाच्या मापाचा.

“ये,” बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. उलट इतका मऊ होता की तिचं दप्तर हातातच राहिलं. “बस. असं ताठ नाही. टेकून बस. पारख्याने घाई केलेली दिसायला नको.”

ती बसली. आई पलीकडे पानं बांधत होती, खाली मान घालून.

“हे बघ,” बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले. त्या बसण्यानेच त्यांना धाप लागली. त्यांनी तीन वेगवेगळी पानं तिच्या मांडीवर ठेवली. “पहिला झुरका लहान घ्यायचा. ठसका येईल, घाबरायचं नाही. मलाही आला होता. माझ्या वडिलांनी माझी पाठ चोळली होती, आठवतंय मला. त्यांच्या हाताला असाच चीक होता.” ते हसले. “मी चोळीन तुझी.”

आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही होती की ते खरंच प्रेमाने बोलत होते. भोंग्याला वाटलं, ह्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं, मला ओरडता तरी आलं असतं.

त्यांनी पान चुरलं. नुसत्या बोटांनी, न बघता, एवढा सुंदर चुरा की साहेबाला जन्मात जमला नसता. मग कागदासाठी डबी उघडली. डबी रिकामी होती. त्यांनी वरचा खिसा चाचपला, एक घडी काढली, कोरी बाजू वर धरून अर्धा कागद फाडला, चुरा घातला, वळला, कड जिभेने ओली केली.

भोंग्याने ते हातात घेतलं. वळलेल्या कागदाच्या कडेला निळी रेघ दिसत होती. गोल वळत गेलेली.

“बाबा, हा कागद कुठला?”

“असेल काहीतरी. कोरा होता.”

“हा शिक्का आहे!”

ती उठली तशी मांडीवरची पानं खाली पडली. तिने ती वळकटी उलगडली. चुरा अंगावर, खुर्चीवर, फरशीवर सांडला. खाली पडलेला उरलेला तुकडा तिने उचलला आणि दोन्ही तुकडे खुर्चीच्या पिवळ्या हातावर ठेवून तळव्याने दाबत, सरळ करत राहिली. ‘घसा’ एका तुकड्यावर होता. ‘तातडीने’ दुसऱ्यावर.

“तुमच्या घशाची चिठ्ठी मला ओढायला देताय?”

“लक्षात नाही आलं गं,” बाबा म्हणाले. ते उठायचा प्रयत्न करत होते, उठता येत नव्हतं. “शपथ. लक्षात नाही आलं.”

“हेच तर! आजोबांच्याही लक्षात नाही आलं. मामाच्याही येत नाही. फक्त त्या साहेबाच्या येतं, आणि तो रुमाल लावून बसतो!”

पलीकडे आईच्या हातातली सुतळी थांबली होती. काठी अर्धी भरलेली. आई उठली, काळ्या चिकट हातांनी बाबांना दंडाला धरून उभं केलं, आणि खुर्चीत बसवलं. स्वतः त्यांच्या शेजारी उभी राहिली. दोघंही आता भोंग्यासमोर होते. तिची छाती भरलेली होती, काठोकाठ, तो लाल काटा सर्रकन वर सरकवणारी.

“आई, बाबा, ऐका,” ती म्हणाली. “मी ह्या खुर्चीत बसणार नाही. आणि हिच्यामागेही उभी राहणार नाही. बोट वाजवणं आजपासून बंद.”

“मग उद्या साहेबाला मी काय सांगू?” बाबांनी त्या घासलेल्या आवाजात विचारलं.

“काहीच नाही. तुम्ही येणारच नाही आहात. उद्या सकाळी शेडमध्ये मी एकटी जाणार. सगळ्यांसमोर सांगणार, की पारख्यांना वास येत नाही, दोन मोसम येत नाही, तो ह्याच विड्यांनी घालवला, आणि हे दोन मोसम मी लपवलं. साहेबालाही सांगणार, की पोरंबाळं पारख्यांनाही आहेत. एक आहे. ती ही. माझा आवाज केवढा आहे ते तुम्हाला माहीत आहे, शेवटच्या ढिगापर्यंत जाईल.” तिने दोन्ही तुकडे एकमेकांना जोडून घडी केली आणि स्वतःच्या दप्तरात, भूमितीच्या पेटीखाली ठेवली. “मग मी परत येईन. दहाच्या गाडीला आपण मोठ्या दवाखान्यात जातोय. तुम्ही दोघं तयार राहा.”